वन्संच्या पाच कुंड्या

नाशिक,
९ जानेवारी १९८९

प्रिय कल्पना,

आशीर्वाद. पत्र घाईत लिहिते आहे, कारण तुमच्या कंपनीचा टेम्पो दारात उभा आहे आणि ड्रायव्हर मला "माँजी, जल्दी" म्हणतो आहे. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, पण मला जल्दी सांगणारा हा पहिलाच.

श्रीकांतने तुला सांगितलं असेलच. आमच्या घरमालकांना मुलाच्या लग्नासाठी खोल्या हव्या आहेत. एप्रिलअखेर मला जागा सोडायची आहे. श्रीकांत म्हणतो, अक्का, सिल्वासाला ये आणि कायमची ये. सांगलीचा आमचा चुलतभाऊ आबा, तोही ये म्हणतो. त्याच्याकडे स्वयंपाकाला बाई टिकत नाही, त्यामुळे त्याचं बोलावणं किती कळवळ्याचं आहे ते मला समजतं. श्रीकांतचं बोलावणं मनापासूनच असणार, पण तो भाऊ आहे. दिवसभर कारखान्यात असतो. घरात मला राहायचं आहे ते तुझ्याबरोबर. आणि तुझ्या मनात काय आहे ते तुझ्या पत्रांतून मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. हसू येतं, एवढंच.

म्हणून मी आधी कुंड्या पाठवते आहे. अनंत, तगर, एक्झोरा, कुंती आणि क्रोटन. पाचही माझ्या हातची. त्यांना तुमच्याकडे मानवलं तर मलाही मानवेल असं धरून चालू. नाही मानवलं, तर कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. मी सांगलीला जाईन.

ड्रायव्हरने कुंती आडवी ठेवली आहे. थांब, येते.

आले. कुंती आता उभी आहे. ड्रायव्हरही उभा आहे, हात जोडून.

तुझी
द्वारका


टोकरखाडा, सिल्वासा,
२० जानेवारी १९८९

ती. वन्संना,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होते, पण परवापासून कंबर धरली आहे आणि या वर्षी खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

मंडळी सुखरूप पोचली. टेम्पोवाल्याने पहिली कुंडी उतरवायच्या आधी मला विचारलं, "वो माँजी साथ में तो नहीं आयी ना?" नाही म्हटल्यावर मग त्याने चहा घेतला.

तुम्ही आमचं गाव पाहिलेलं नाही, म्हणून थोडं सांगते. इथे टॅक्स माफ आहे म्हणून कारखाने आले, कारखाने आले म्हणून पुण्या-मुंबईचे इंजिनियर आले आणि इंजिनियर आले म्हणून आमच्यासारख्या बायका आल्या, ज्यांना काहीच माफ नाही. शनिवारी गुजरातेतून गाड्या भरभरून माणसं येतात, कारण त्यांच्याकडे दारूबंदी आहे. सोमवारी गाव शुद्धीवर येतं. भाजीला आमलीच्या बाजारात जायचं, भाव गुजरातीत ऐकायचा, हिंदीत भांडायचं आणि मराठीत पस्तावायचं.

बिल्डिंगमध्ये अमळनेर, भुसावळ, वलसाड, पुणे, सगळं आहे. कुणी कुणाचं नातेवाईक नाही, त्यामुळे सगळे एकमेकांशी प्रेमाने वागतात.

कुंड्या बाल्कनीत ठेवल्या आहेत. सकाळचं ऊन येतं. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून तुमच्या बंधूंनी प्रत्येक कुंडीखाली एक स्टीलची ताटली दिली आहे. आमच्या लग्नात आहेरात आलेल्या, तुम्हाला आठवत असतील. ईशा पुण्याला हॉस्टेलवर गेल्यापासून पंगतच उठलेली आहे, तेव्हा ताटल्या रिकाम्याच होत्या.

आणि मानवण्याचं म्हणाल तर, पाच मुली तुम्ही पुढे पाठवल्या आहेत आणि पेपर मला सोडवायचा आहे, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

तुमची
कल्पना


नाशिक,
१८ फेब्रुवारी १९८९

प्रिय कल्पना,

महिना होत आला, पत्र नाही. तू बोलत असलीस की काही झालेलं नसतं. गप्प बसलीस की मला काळजी वाटते. झाडं कशी आहेत?

द्वारका


टोकरखाडा, सिल्वासा,
२४ फेब्रुवारी १९८९

ती. वन्संना नमस्कार.

झाडं मजेत आहेत. तुमची आठवण काढतात.

मुद्दाम लिहायचं कारण वेगळं आहे. इथे माझी एक मैत्रीण आहे. तुमच्या ओळखीची नाही, तेव्हा नाव सांगून काय उपयोग? तिच्या कुंड्यांतल्या झाडांची पानं पिवळी पडायला लागली आहेत. बिचारी फार काळजीत आहे. जेवताना मध्येच उठून बाल्कनीत जाते आणि पानं बघून परत येते. तुम्हाला झाडांतलं कळतं, म्हणून म्हटलं विचारून बघावं. तिच्याकडे योगायोगाने पाचच कुंड्या आहेत.

काही उपाय असेल तर लवकर कळवा. म्हणजे मला घाई नाही, तिला आहे.

तुमची
कल्पना

ता. क. झाडंसुद्धा योगायोगाने तीच आहेत.


नाशिक,
२ मार्च १९८९

प्रिय कल्पना,

तुझ्या मैत्रिणीची हकिकत वाचून वाईट वाटलं. तिला माझे आशीर्वाद सांग. आणि झाडं जर तिच्या नणंदेची असतील, तर नणंदेला एवढ्यात काही कळवू नको म्हणावं. अशा बायका फार लागट असतात.

तिला काही विचारून घे. पानं पिवळी पडताहेत ती खालची जुनी की शेंड्याची कोवळी? अख्खं पान पिवळं होतं, की मधल्या शिरा हिरव्या राहतात? पान पिवळं होऊन गळताना कडक वाळलेलं असतं की लोळागोळा? माती बोटाला कशी लागते? तिला वास येतो का? कुंडीच्या बुडाचं भोक मोकळं आहे का? आणि आतापर्यंत काय काय उपचार करून झाले, ते सगळे. बायका डॉक्टरला अर्धंच सांगतात आणि मग डॉक्टर वाईट म्हणतात.

माझी झाडं मजेत आहेत हे वाचून आनंद झाला. त्यांच्यासाठी मी काहीच सल्ला देत नाही.

द्वारका


टोकरखाडा, सिल्वासा,
८ मार्च १९८९

ती. वन्संना नमस्कार.

मैत्रिणीला विचारलं. बराच वेळ लाजत होती, मग बोलली.

पानं खालची पिवळी पडतात. अख्खी. गळतात ती लोळागोळा होऊन. अनंताची मात्र वरची कोवळी पानंही पिवळी आहेत आणि त्यांच्यात शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, जशा आपल्या आत्याबाईंच्या हातावर दिसायच्या. क्रोटन तर वरपासून खालपर्यंत पिवळं झालंय, त्यावर ठिपकेसुद्धा आलेत. माती बोटाला चिकटते. वास येतो. कसला म्हणाल तर लग्नघरातल्या मोरीचा.

उपचार पुढीलप्रमाणे. तिच्या यजमानांनी कुठूनसा युरिया आणला आणि औषध म्हणून मूठमूठ घातला. यजमान इंजिनियर आहेत, त्यांना मूठ हे माप पुरेसं वाटतं. नंतर चहाचा चोथा घातला, साखरेसकट. मुंग्या झाल्या म्हणून हळद घातली. कामाला येणाऱ्या पुतळाबाईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मैत्रीण स्वतः एक दिवसाआड पाणी घालते, तेही तांब्याभरच. तिच्याकडून काही चुकत असेल असं मला तरी वाटत नाही. तिचा चेहरा इतका निष्पाप आहे.

तुमची
कल्पना


नाशिक,
१३ मार्च १९८९

कल्पना,

आता मैत्रिणीला घरी पाठव आणि तू समोर ये.

पहिली गोष्ट. क्रोटन पिवळं आणि ठिपक्यांचंच असतं. तो आजार नाही, ती त्याची नेसण आहे. त्याच्यावर हळद टाकली नसशील अशी आशा आहे.

बाकीची झाडं बुडाली आहेत. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सारखी ओली माती म्हणजे तोंडावर ओला टॉवेल. त्यात श्रीकांतच्या ताटल्या. निथळलेलं पाणी झाड पुन्हा पितं, पुन्हा निथळतं, आणि वरून युरिया. बुडणाऱ्या माणसाला श्रीखंड भरवतात का?

ताटल्या आधी काढ. पाणी बंद. मग एकेक कुंडी आडवी करून झाड मातीच्या गोळ्यासकट हलकेच बाहेर घे. मुळं पांढरी आणि कडक असली तर ठीक. तपकिरी आणि मऊ असली तर कात्रीने काप, माया करू नकोस. कुंडी धू. भोकावर खापरीचा तुकडा, त्यावर विटेची खडी, मग नवी माती, तिच्यात भरपूर वाळू आणि थोडं चांगलं कुजलेलं शेणखत. फांद्यांचा वरचा तिसरा हिस्सा छाट. मुळं कमी झाली की एवढ्या पानांचा संसार झाडाला झेपत नाही. सावलीत ठेव. नवी पालवी दिसेपर्यंत खताचं नाव काढायचं नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालायचं, कोरडं आलं तरच पाणी.

अनंताचं दुखणं दुहेरी आहे. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असणार, ते त्याला सोसत नाही. मुळं सावरली, तर चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, बादलीभर पाण्यात विरघळवून त्यातलं थोडं घाल. सावरली तर.

आता खरा प्रश्न. दिवसाआड तांब्याभर पाण्याने झाड बुडत नाही. तू खोटं बोलत नसशील, तर आणखी कुणीतरी पाणी घालतं आहे. एक दिवस घरी थांब आणि तू घरी आहेस हे कुणाला कळू देऊ नकोस.

द्वारका


टोकरखाडा, सिल्वासा,
२१ मार्च १९८९

ती. वन्संना नमस्कार.

तुम्ही रेक्टर होतात हे मी विसरले होते. चोर सापडले. अनेकवचनी.

सोमवारी मी आमलीत जाते असं सगळ्यांना सांगितलं आणि आतल्या खोलीत पडद्याआड बसले. खरं तर पहिला चोर त्याच्याही आधी, सकाळीच सापडला होता. तुमचे बंधू आंघोळीपूर्वी बाल्कनीत गेले. गळ्यात टॉवेल, हातात तांब्या, चेहऱ्यावर अर्घ्य देणाऱ्याचा भाव. पाचही कुंड्यांना पाणी घातलं. मी म्हटलं, "हे रोज करता?" तर म्हणाले, "अक्काची झाडं आहेत गं." मग कामावर गेले. रोज घरात चहाचा कप उचलायला त्यांना सांगावं लागतं.

मग पुतळाबाई. भांडी घासून झाली, तांदळाचं धुवण घेऊन आली आणि कुंड्यांशी बोलत बोलत ओतून गेली. "प्या, माझ्या बायांनो," असं म्हणाली. मला ती दुपारच्या चहाला असं कधी म्हणत नाही.

मग शेजारच्या चंदाताई. पाटीलबाई, अमळनेरच्या, यजमान आपल्याच कंपनीत फोरमन. दोन बाल्कन्यांच्या मधल्या कठड्यावरून अर्ध्या बाहेर येऊन, एका हाताने गज धरून, दुसऱ्या हातातल्या मगाने पाणी घालत होत्या. शेवटची कुंडी हाताला येईना, तर त्यांनी पाणी फेकलं. ते माझ्या अंगावर आलं. पडदा हलला. त्या "अगं बाई!" करून ओरडल्या, मीही ओरडले, आणि मग दोघी बराच वेळ हसत बसलो.

शनिवारी गुजरातेतून येणाऱ्यांना पाजणारं गाव म्हणून मी हसत होते. इथे माझ्याच घरात आम्ही चौघं मिळून पाजत होतो.

का घालतात म्हणून विचारलं. लोक प्रेमळ आहेत, दुसरं काय?

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. मुळं तपकिरी आणि मऊच होती. माया न करता कापली. चंदाताईंनी वाळू चाळून दिली, पुतळाबाईने विटा फोडल्या. तुमचे बंधू ताटल्या धुऊन परत फडताळात ठेवताना फार दुःखी दिसत होते. आता बाल्कनीच्या दाराला मी कुलूप लावलंय.

तुमची
कल्पना


सिल्वासा,
२३ मार्च १९८९

द्वारकाताईंना चंदा पाटीलचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी कल्पनाताईंच्या शेजारची. तुमचा पत्ता पाकिटावरून घेतला. त्यांना सांगितलं नाही. तुम्हीपण सांगू नका.

ताई, झाडांना पाणी मी घातलं, पुतळाबाईने घातलं, साहेबांनी घातलं. कल्पनाताईंचा काही दोष नाही. काय बोलायचं ते मला बोला, त्यांना बोलू नका. पण तुम्हीच सांगा, आम्ही तरी काय करावं? कल्पनाताई म्हणतात, तुम्ही आल्याबरोबर पानं मोजणार. एक कमी भरलं तर त्या घरात कुणाला घास उतरणार नाही. हॉस्टेलात एका मुलीने फूल तोडलं तर तुम्ही तिला आठवडाभर त्या कुंडीशेजारी बसवून जेवायला लावलं म्हणे. आणि वरणात मीठ जास्त झालं तर तुम्ही बोलत नाही, नुसतं चष्म्यावरून बघता, आणि वरण आपोआप अळणी होतं.

पदर खोचून, नाकावर चष्मा ओढून कल्पनाताई तुमची नक्कल करतात तेव्हा बाई हसून हसून आमच्या डोळ्याला पाणी येतं. हळदीकुंकवाला तर सगळ्या बिल्डिंगच्या बायका फक्त त्यासाठी थांबल्या होत्या. पण हसून घरी आलं की माझ्या जिवाला घोर लागायचा. एवढी हसरी बाई, हिच्या घरात असं माणूस कायमचं राहायला येणार, हिचं कसं होईल? म्हणून म्हटलं, निदान झाडं तरी टवटवीत राहू दे. माहेरी आम्ही केळीला पाणी घालतो तसं घालत गेलो.

तुम्ही येऊ नका असं मी म्हणत नाही. या. पण जरा सबुरीने या. कल्पनाताई मनाने फार चांगल्या आहेत.

तुमची आज्ञाधारक
चंदा पाटील


नाशिक,
३० मार्च १९८९

सौ. कल्पनास,

पत्र पोचलं. झाडांची व्यवस्था नीट केलीस.

बिल्डिंगमधले लोक प्रेमळ आहेत असं तू लिहिलंस. ते किती प्रेमळ आहेत आणि का, ते मला दुसऱ्या एका पत्रातून सविस्तर कळलं. माझी नक्कल चांगली होते म्हणे. मुलीही करायच्या. त्या माझ्या पाठीमागे करत आणि पुढच्या वर्षी निघून जात. त्यांचं मला कधी काही वाटलं नाही, कारण त्यांच्या घरी राहायला जायचा प्रश्न नव्हता.

मानवण्याचं उत्तर मिळालं, असं मी समजते. येत्या आठवड्यात आबाला होकार कळवीन. श्रीकांतला तू काही सांगू नकोस, मी त्याला वेगळं लिहिते.

कुंड्या परत पाठवायच्या भानगडीत पडू नये. आताच मुळं कापली आहेत, प्रवास सोसणार नाही. चंदाबाईंवर रागावू नये, त्यांनी तुझ्या काळजीने लिहिलं. एक्झोराला आणखी महिनाभर खत घालू नको.

द्वारका


टोकरखाडा, सिल्वासा,
५ एप्रिल १९८९

ती. वन्संना,

तीन कागद फाडले. तिन्हींवर पहिल्या ओळीतच विनोद झाला होता. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, माझ्या पत्रांतून मन कळत नाही. आज प्रयत्न करते. ठिगळ दिसलं तर दिसू दे.

अनंत गेला. आधी तेच सांगते. कोवळ्या पानांना धरून राहिला होता, पण परवा खोड खरवडून पाहिलं तर आत हिरवं उरलं नव्हतं. वापीच्या नर्सरीत तसाच एक आहे. तुमचे बंधू म्हणाले, आणू या का, अक्काला कळणार नाही. मी नको म्हटलं. तगरीला आणि कुंतीला डोळे फुटलेत. एक्झोराने तांबूस पानं काढली आहेत, नखाएवढी. क्रोटन आपल्या साडीत खूश आहे.

नक्कल केली. चंदाताईंनी लिहिलं त्याच्यापेक्षा जास्तच केली असेल, त्या भिडस्त आहेत. वरण अळणी होण्याची गोष्ट माझी आहे, तुम्ही कधी वरणाला बोललेल्या नाहीत. फूल तोडणाऱ्या मुलीची गोष्ट मात्र तुम्हीच मला सांगितली होती. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, आपण दोघी चकल्या पाडत होतो तेव्हा.

का केली ते सांगते. इथे मला माणसं आहेत, पण माझं असं सांगण्यासारखं कुणी नाही. तुमचे बंधू उजाडता जातात आणि येतात ते जेवून झोपायला. ईशा सुट्टीपुरती येते आणि फोनची वाट बघत बसते. बायका जमल्या की प्रत्येकीकडे कुणाची तरी गोष्ट असते, सासूची, जावेची, गावाकडच्या काकांची. माझ्याकडे फक्त तुम्ही होता. मी तुम्हाला रोज थोडं थोडं वाढवत नेलं. तुमच्यासारखं बोलून दाखवलं की दुपारभर तुम्ही आमच्या घरात असल्यासारखं वाटायचं.

आणखी एक. मी काहीही बोलले तरी इथे सगळे हसतात. हसण्यापलीकडे कुणी जात नाही. उलट उत्तर देणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं. मैत्रिणीला घरी पाठव आणि तू समोर ये, हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्याने हसले आणि मग रडले, आणि दूध उतू गेलं.

सांगलीला जाऊ नका. तुमच्या बंधूंसाठी नाही, झाडांसाठी नाही. मला तुम्ही इथे हव्या आहात. मागची खोली रंगवून घेतली आहे आणि ते मी फेब्रुवारीतच केलं होतं, पानं पिवळी पडायच्या आत. लिहिलं नाही, कारण लिहिताना त्यावर काही विनोद सुचेना.

तुम्ही आबांना कळवलं असेल तर मी सांगलीला येऊन त्यांच्याशी भांडेन. हा विनोद नाही.

कल्पना


नाशिक,
१९ एप्रिल १९८९

प्रिय कल्पना,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना लाल पेन्सिल हातात होती, जुनी सवय. दुसऱ्यांदा ती खाली ठेवली.

आबाला नकार कळवला. त्याला फार लागलं नाही. त्याचं उलट टपाली उत्तर आलं की नाशिकमध्ये दुसरी कुणी विश्वासू बाई माहीत असल्यास कळवावे.

अनंताचं वाईट वाटलं. गेल्या वर्षीपासूनच तो कुरकुरत होता, हे मी तुला सांगायला हवं होतं. वापीचा आणला असतास तर मला लगेच कळलं असतं आणि मी काही बोलले नसते. ते जास्त वाईट झालं असतं.

श्रीकांतला सांग, महिनाअखेरीस येते. दोन ट्रंका, एक शिवणयंत्र आणि पुस्तकांची खोकी. मागच्या खोलीला रंग कोणता दिला ते तू लिहिलेलं नाहीस. पिवळा असला तरी चालेल.

एक अट आहे. बिल्डिंगमध्ये माझ्याबद्दल जे काही पसरवलं आहेस, त्यातलं अक्षरही मागे घ्यायचं नाही. वरणसुद्धा ठेव. चंदाबाईंना मी कालच कार्ड टाकलं आहे, की तुमचं पत्र मिळालं, पानं मोजायला प्रत्यक्ष येत आहे.

हसू नकोस. मी ज्या ज्या ठिकाणाहून निघाले, तिथल्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वसतिगृहातून निवृत्त झाले तेव्हा मुलींनी शाल दिली, भाषणं केली, आणि मी फाटकाबाहेर पडायच्या आत आतून रेडिओ मोठ्याने लागला. मी येणार म्हणून श्वास रोखून उभी असलेली एक अख्खी बिल्डिंग मला या वयात पहिल्यांदाच मिळते आहे. ती मी अशी सोडणार नाही.

तुझी
द्वारका